धसका घेतलेल्या घराला काय विचारावं?

नांदेडहून निजामाबादकडे निघालेली गाडी मुदखेड सोडते, उमरीला थांबते, धर्माबाद मागं टाकते आणि बासर येईतो तेलंगण लागलेलं असतं. या पट्ट्यात भाषा माणसांसारख्याच एकमेकींच्या घरी ये-जा करतात. बाजारात मराठी, कुठल्या सोयऱ्यांशी तेलुगू, शेजारी दखनी उर्दू, तांड्यावर गोरमाटी. अशाच एखाद्या घरावर आघात झाला असं धरू. कर्त्या माणसानं कर्जापायी जीव दिला, किंवा पुरात घर वाहून गेलं, किंवा लेक सासरहून अंगावर वळ घेऊन परत आली. दिवस-वार उरकतात, भेटायला येणारे कमी होतात. त्यानंतर काही महिन्यांनी आईच्या छातीत धडधड सुरू होते आणि ईसीजी मात्र चांगला निघतो. थोरला पोरगा उगाच अंगावर धावून येतो, धाकटी शाळेत जायला नाही म्हणते. शेजारीपाजारी म्हणतात, घरानं धसका घेतलाय.

या घरानं जायचं कुणाकडे? आणि त्या माणसाला खरंच काही कळतंय, हे ओळखायचं कसं? या प्रश्नांच्या मागे गेलं की थक्क व्हायला होतं, कारण उत्तरांचा मोठा हिस्सा परदेशात नाही, आपल्याच मातीत सापडतो.

आधी धसका म्हणजे शरीरात काय होतं ते बघू. जिवावर बेतलेल्या क्षणी मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचाराची वाट न बघता धोक्याची हाळी देतो. काळजाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, तणावाची संप्रेरकं रक्तात उतरतात. तो प्रसंग स्मरणात जातो, पण नेहमीच्या आठवणीसारखा ‘हे अमुक वर्षी झालं आणि संपलं’ असा नीट लावून ठेवला जात नाही. वास, आवाज, उजेड, अंगाची थरथर असे त्याचे तुकडे सुटे राहतात. पुढं कधीतरी तसाच एखादा आवाज कानावर पडला की शरीराच्या लेखी ती घटना आत्ता घडायला लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस उगीच घाबरतो. वस्तुस्थिती अशी की त्याचं शरीर त्याला अजूनही वाचवत असतं. मला यात शरीराची विलक्षण निष्ठा दिसते, आणि उपचार या निष्ठेचा मान राखूनच सुरू व्हायला हवा.

मराठवाड्याला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. किल्लारीच्या आसपास जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं ओझं असलेली माळवदं झोपलेल्यांवरच आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पावसापासून राखलं त्यानंच जीव घेतला. अशा वेळी भीती भूकंपाची राहत नाही, छपराची होते. पक्कं घर मिळालं तरी आत डोळा लागत नाही, आणि हे ज्याला ठाऊक नाही तो उपचार करणारा झोपेची गोळी लिहून देतो आणि मोकळा होतो.

या भूकंपाचा मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं करून घेतला. त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच, पेशानं मनोविकारतज्ज्ञ. आपत्तीनंतर मेलेली आणि जखमी माणसं मोजायची असतात, पण वाचलेल्यांच्या मनाचं काय होतं तेही वर्षानुवर्षं बघावं लागतं, ही जाण आपल्याकडे रुजायला किल्लारीचा फार मोठा हातभार लागला.

तिथलं आणखी एक काम मला त्याच तोलाचं वाटतं, जरी त्याला कुणी उपचार म्हटलं नव्हतं. घरं पुन्हा उभी करताना ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावागावांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. सरकारी योजना लोकांना समजावायची, लोकांच्या अडचणी वर पोचवायच्या, बांधकामावर लक्ष ठेवायचं. म्हणजे ज्या बाईनं सगळं गमावलं होतं तिच्याच हाती काहीतरी ठरवायचा अधिकार आला. आघात माणसाकडून पहिल्यांदा हिसकावतो तो हाच अधिकार. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत पुन्हा मिसळणं. औसा-उमरग्याच्या बायकांनी त्यांचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. हातात थापी आणि नोंदवही घेऊन त्या पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याचं काम करत होत्या.

हर्मन यांच्या टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे समज असा की मोकळं रडलं, सगळं सांगून टाकलं की माणूस बरा होतो. 1990च्या आसपास जगभरही तसंच चालायचं. मोठा अपघात किंवा आपत्ती झाली की लगेच माणसांना बसवून एकाच बैठकीत सगळा प्रसंग वदवून घ्यायचा. पुढं अभ्यासांचा नीट पडताळा घेतला तेव्हा दिसलं की या एका बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढतो. आज जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करत नाही. तिची 2011 सालची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका सांगते ते फार साधं आहे: बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या. सांगायचा आग्रह करू नका.

तेव्हा पहिल्याच भेटीत ‘नेमकं काय झालं, सगळं सविस्तर सांगा’ म्हणून मागं लागणारा समुपदेशक दिसला तर सावध व्हावं. आघात समजणारा माणूस आधी विचारतो, कुठं बसणार? दार उघडं ठेवू की लावू? सोबत कुणी हवंय का? मध्येच थांबावंसं वाटलं तर हात वर करा, आपण थांबू. वरवर या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण प्रत्येक प्रश्नासरशी निर्णय परत दुखावलेल्या माणसाच्या हाती जातो.

आता दुसरी बाजू, संस्कृतीची. ही नवलकथा पुण्याला जाते. मनाच्या आजारांचं वर्गीकरण करणारा अमेरिकन ग्रंथ डीएसएम जगभर वापरतात. त्याची पाचवी आवृत्ती 2013 साली आली आणि तिच्यात सोळा प्रश्नांची एक मुलाखत होती. तिच्यात डॉक्टर आजाराची लक्षणं मोजत बसत नाही. तुमचा त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगता? त्यात सगळ्यांत जास्त काय सलतं? हे का होतंय असं तुम्हाला वाटतं, आणि घरच्यांना काय वाटतं? आजवर कुठं कुठं जाऊन आलात, कशानं उतार पडला? अशा प्रश्नांनी ती पुढं सरकते. शेवटाकडे तर डॉक्टर हेही विचारतो की आपण दोघं वेगवेगळ्या घरांतून आलोय, माझी समजण्यात काही चूक होईल अशी काळजी वाटते का? घरच्यांसाठी वेगळा आराखडाही आहे.

ही मुलाखत कामाची आहे का, हे सहा देशांत तपासलं गेलं आणि त्यात पुणं होतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुण्याच्या रुग्णांबरोबर वापरून पाहिली आणि तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. जगभरच्या मनोविकारतज्ज्ञांच्या हाती असलेल्या साधनाची पारख आपल्या रुग्णांच्या बोलण्यावरही झाली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

उमरीत या प्रश्नांचं मोल वेगळंच आहे. ‘कुठं कुठं जाऊन आलात’ असं शांतपणे विचारलं तर घर सांगेल की माहूरला जाऊन आलो, दर्ग्यावर धागा बांधला, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. यावर हसणारा किंवा रागावणारा डॉक्टर पुढचं काही ऐकू शकणार नाही, कारण घर गप्प होईल. देवीच्या पायरीवर आईला मिळालेला दिलासा खरा असतो आणि तो तसाच राहू द्यावा. मात्र उपचाराच्या नावाखाली मारहाण, साखळी, चटके किंवा पैशांची लूट होत असेल तर तिथं ठाम उभं राहावंच लागतं. महाराष्ट्राचा 2013 सालचा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. श्रद्धेचा मान आणि क्रूरतेला नकार, दोन्ही एकाच बैठकीत जमलं पाहिजे.

जातीबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी 1978 साली याच नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा खून झाला. त्याआधीच्या पिढीनं रझाकारांचा काळ पाहिला. अशा आठवणी घरात बोलल्या न जाताही पुढं जातात. मुलांना कुठं जायचं नाही, कुणापुढं मान वर करायची नाही, रात्री दार कधी लावायचं, यातून त्या वाहत येतात. एखाद्या तरुणाच्या धडधडीमागं हा इतिहास असू शकतो आणि ‘जातपात आता कुठं राहिलीय’ असं म्हणणाऱ्या समुपदेशकाला तो दिसणारच नाही. म्हणून रुग्णानं बेधडक विचारावं, माझ्यासारख्या घरातल्या लोकांबरोबर तुम्ही काम केलंय का? चांगला तज्ज्ञ या प्रश्नाचा राग धरत नाही.

हा माणूस मिळणार कुठं? मनोरुग्णांसाठीची राज्याची चार जुनी प्रादेशिक रुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, म्हणजे सगळी मराठवाड्याबाहेर. उमरीच्या माणसाला जवळचं म्हणजे नांदेड. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्र विभाग आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्यानं मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात नांदेड आणि लातूर दोन्ही आहेत, आणि त्याची पहिली कडी गावातली आशाताई आहे. 14416 हा टेलिमानसचा नंबर 2022 पासून सुरू आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरात एकच मोबाईल असेल आणि सगळ्यांसमोर बोलणं अवघड जात असेल तर फोन लागताच तसं सांगावं, म्हणजे पलीकडचा हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू शकतो.

पदव्यांचा घोळ होतो म्हणून थोडक्यात: गोळ्या लिहून देऊ शकतो तो मनोविकारतज्ज्ञ, तो डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये. समुपदेशकांचं शिक्षण फार वेगवेगळं असतं, म्हणून कुठं शिकलात आणि आघाताचं काम कुणाच्या देखरेखीखाली केलंत, हे विचारलंच पाहिजे.

पण एवढी शिकलेली माणसं तालुक्यापर्यंत पोचतच नसतील तर? इथं गोव्याची कमाल आहे. ‘संगत’ संस्थेनं मानसशास्त्र कधीही न शिकलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं आणि गंभीर नैराश्य असलेल्या 495 जणांवर प्रयोग केला. सहा ते आठ भेटी, त्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा घरी. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत याच धाटणीचा ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथं नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमानं गावातलीच ऐकून घेणारी माणसं निवडली आणि त्यांना शिकवलं. या तिन्ही ठिकाणी मदत करणारा आणि मदत घेणारा एकाच पाण्यावर वाढलेले होते. कापूस फुटला की कामाला वेळ नसतो, सासूसमोर सून बोलत नाही, वर्षश्राद्ध जवळ आलं की घर पुन्हा खचतं, हे अशा माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

गावातला माणूस म्हटलं की गुपिताची भीती आलीच. तालुक्याच्या गावी दवाखान्यासमोर गाडी उभी दिसली तरी संध्याकाळपर्यंत चौकात चर्चा होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. त्याच कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार धरायचं नाही, तो तीव्र तणावाखाली होता असं मानायचं, असंही ठरवलंय. पोलिसांच्या भीतीनं कुणाला दवाखान्यात न्यायचं थांबवलं जात असेल तर हे त्या घरापर्यंत पोचायलाच हवं.

सगळं घर एकत्र घेऊन बसायचं की एकेकाला? आघात हिंसेचा असेल आणि मारणारा घरातलाच असेल तर एकत्र बैठक धोक्याची. समजूतदार तज्ज्ञ आधी प्रत्येकाला एकट्यानं भेटतो. पण शोक असेल, माणूस गमावलेला असेल, तर एकत्र बसण्यात मोठी ताकद आहे. लेकराला खोटं सांगितलेलं असतं की बाप गावाला गेलाय. आजी रडत नाही म्हणून सून रडत नाही. कुणीतरी तिसऱ्यानं प्रत्येकाला आपापल्या भाषेत बोलू दिलं, मधे तेलुगू आली तरी थांबवलं नाही, तर तेच घर एकमेकांना पहिल्यांदा ऐकतं.

आणि तीन-चार भेटींनंतरही सूत जुळत नसेल तर बदलावं. तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्यातला विश्वास उपचाराच्या यशाशी किती जोडलेला असतो, हे 295 अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलंय. नातं जितकं घट्ट तितका गुण जास्त, हे कुठल्याही पद्धतीच्या उपचारात दिसलं. तेव्हा ‘तुमच्याशी बोलताना मला अवघडल्यासारखं होतं’ हे समोरच सांगावं. तो ऐकून घेऊन काही बदलतो का ते बघावं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं नाव त्याच्याकडेच मागावं.