खांदेरी-उंदेरी : दोन बेटांच्या मालकीचा वाद

मुंबई बंदराच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन लहान बेटे आहेत. सतराव्या शतकात मराठे, जंजिऱ्याचा सिद्दी आणि मुंबईचे इंग्रज या तिघांचाही त्यांच्यावर डोळा होता. खांदेरीवर तोफा चढल्या की मुंबईला ये-जा करणारी गलबते नजरेखाली येत, आणि पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयाला जाणाऱ्या सिद्दीच्या आरमाराची वाटही अडवता येई.

१६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधण्याचा पहिला प्रयत्न केला, पण इंग्रज व सिद्दी आडवे आले आणि काम थांबले. ऑगस्ट १६७९ मध्ये मराठा आरमारातले मायनाक भंडारी माणसे, तोफा आणि सामान घेऊन बेटावर उतरले आणि ऐन पावसाळ्यात तट उभा राहू लागला. पोर्तुगालच्या राजाने मुंबई आंदण दिली, त्यात खांदेरीही आली, असा इंग्रजांचा दावा होता. पोर्तुगीज मात्र ती आपलीच मानत. महाराजांच्या हुकमाशिवाय बेट सोडणार नाही, असे उत्तर मराठ्यांनी दिले.

सप्टेंबरमध्ये बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचे आरमार नागावहून इंग्रजांवर चालून गेले. ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र तोफा डागत टिकून राहिले आणि मराठ्यांना मागे फिरावे लागले. समुद्रावरची ही लढत इंग्रजांनी जिंकली, असे म्हणायला हरकत नाही. तरीही बेट त्यांना मिळाले नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात त्यांची जड जहाजे फिरकू शकत नव्हती. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री दाणागोटा घेऊन वेढ्यातून निसटत. या वादाचा निकाल खरे तर या होड्यांनी लावला.

नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला, आणि त्यांची चिंता वाढली. खांदेरी जिंकली तर तो ती स्वतःकडेच ठेवील, हे त्यांना कळून चुकले. खर्चही झेपेना. १६८० च्या आरंभी त्यांनी महाराजांशी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्याच वर्षी जानेवारीत सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. दौलतखानाचा तिथला हल्ला फसला. एप्रिलमध्ये महाराजांचे निधन झाले, आणि समोरासमोरची ही दोन बेटे पुढे कित्येक दशके एकमेकांवर तोफा रोखून राहिली. संभाजी महाराजांनाही उंदेरी घेता आली नाही.

१७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून आला; मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या लोकांनी त्याला परतवले. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले. खांदेरीवरचे दीपगृह १८६७ चे आहे.

२०१९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हे नाव मिळाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेरबरोबर खांदेरी आहे, उंदेरी नाही.