अकरा तारीख

सकाळी 9.30. पर्वत पाटियाहून सारोलीच्या मार्केटला निघालो. आज 11 तारीख, जीएसटीआर-1 भरायचा शेवटचा दिवस. चार दुकानांचं नामुं माझ्याकडे आहे. इथे सुरतेत हिशेबाला नामुं म्हणतात आणि मला मेताजी. गावाकडचे बरेचजण लूमवर लागले, मी कम्प्युटरसमोर बसलो.

10.45. पहिलं दुकान. कम्प्युटर चालू केला की थेट उघडतो, विंडोजला पासवर्ड नाही. "आपलीच माणसं आहेत ने," हे शेठचं म्हणणं. क्रोमने लॉगिन आपोआप भरलं. आजवर हीच सोय वाटायची. आज मात्र वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोकडे लक्ष गेलं. फोटो दिवाळीत काम सोडून गेलेल्या पोराचा! त्याने कधीतरी स्वतःचं जीमेल इथे उघडलं, सिंक चालू केलं आणि तसंच ठेवलं. त्यानंतर क्रोमने "सेव्ह करू?" विचारलं आणि मी "हो" दाबलं, तो प्रत्येक पासवर्ड त्याच्या खात्यात गेला. म्हणजे त्याच्या मोबाईलवरही.

त्याला फोन लावला. "काका, हे तुमचे आहेत होय? मला वाटलं फोनमध्येच येतात," म्हणाला. पोरगा सरळ आहे, पण आता तो आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या पेढीवर बसतो.

12.15. इथून त्याचं खातं काढलं तरी त्याच्या खात्यातले पासवर्ड जात नाहीत. त्याने पुसले म्हणाला, तरी मी सगळे बदलले: जीएसटी, ई-वे बिल, इन्कम टॅक्स, टीडीएस, बँक. सतरा निघाले. प्रत्येक ओटीपीला शेठ गिऱ्हाईक सोडून उठत होते आणि माझ्याकडे बघत होते.

2.00. डबा. ऑक्टोबर 2023 मध्ये ओक्टा या अमेरिकी कंपनीत असंच झालं होतं. कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचं गुगल खातं उघडलं, कामाचा पासवर्ड त्यात सेव्ह झाला, आणि चोर 134 ग्राहकांच्या फायलींपर्यंत पोचले. ओक्टाचा धंदाच लॉगिन सांभाळण्याचा! मग आमच्या दुकानाचं काय घेऊन बसलात.

5.30. टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. 50 हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. 1 एप्रिल 2025 पासून तिथे पासवर्डनंतर ओटीपीही सगळ्यांना सक्तीचा झाला. शेठ चहाला गेलेले, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. एरवी मी सरकारच्या नावाने बोटं मोडली असती. आज गप्प बसलो.

8.45. घर. माझ्या लॅपटॉपवरही चारही दुकानांचे पासवर्ड सेव्ह आहेत, आणि त्यावरच मुलगा फुकटचे गेम उतरवतो. रेडलाईनसारखे चोरटे प्रोग्राम अशाच फायलींतून शिरतात. कुलूप फोडायची त्यांना गरजच नसते. आपल्या विंडोज खात्याच्या नावाने ते ब्राउझरची तिजोरी उघडून घेतात, वर चालू लॉगिनच्या कुकीजही उचलतात. तिथे ओटीपीही कामाला येत नाही. क्रोमने जुलै 2024 मध्ये जादा कुलूप लावलं, तर काही महिन्यांत त्यालाही वाटा निघाल्या.

क्रोममधले सगळे पासवर्ड पुसले. वेगळा पासवर्ड मॅनेजर घेतला. त्याचा मुख्य पासवर्ड कुठेच सेव्ह नाही. मुलाचं विंडोज खातं वेगळं केलं, तो रुसला.

10.20. चौथ्या दुकानाचं रिटर्न भरलं. मुख्य पासवर्ड हाताने टाइप केला, दोनदा चुकला.