थोडीशी मिस्टेक आहे, बाई!

'मिस्टेक' हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. हिशेबात पाच रुपये जास्त लागले तर भाजीवाली म्हणते, "मिस्टेक झाली ताई." पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव राहिलं तर ती प्रिंटिंग मिस्टेक. लेकाचे दोन मार्क गेले तर ती सिली मिस्टेक. मराठीत चूक, भूल, गफलत, गल्लत, दोष, प्रमाद असे ढीगभर शब्द असताना हा पाहुणा आपल्या घरात इतका कसा रुळला? मला वाटतं, 'चूक' म्हटलं की ती कोणी केली हा प्रश्न येतो. मिस्टेक मात्र कोणी करत नाही, ती होते. पावसाळ्यात भिंतीला ओल यावी तशी आपली आपण!

मूळ शब्द तसा साधा आहे. 'मिस' म्हणजे वाईट किंवा उलटं आणि 'टेक' म्हणजे घेणं. जे घ्यायचं ते न घेता भलतंच घेतलं, की झाली मिस्टेक. तिची मोठी बहीण 'एरर'. ती लॅटिनमधून आली, आणि तिच्या मुळाशी अर्थ आहे भटकणं, वाट सोडून जाणं. हल्ली बँकेत गेलं की काचेपलीकडून ऐकू येतं ना, "सर्व्हरला एरर आहे, उद्या या." एकूण वाट सर्व्हर सोडतो आणि भटकायचं आपण!

पण मैत्रिणींनो, आज लिहायचंय ते तिसऱ्या शब्दाबद्दल, 'क्लेरिकल मिस्टेक'. कारकुनाच्या हातून झालेली चूक. क्लार्क हा शब्द चर्चमधल्या धर्मगुरूंवरून आला, कारण एके काळी युरोपात लिहिता-वाचता येणारे मुख्यतः तेच होते. आपल्या महसूल खात्याने याला फार छान शब्द दिलाय, 'हस्तदोष'. म्हणजे मनात खोट नव्हती, हात चुकला.

बचत गटाच्या कामामुळे तहसील, बँक आणि सेतू केंद्राच्या पायऱ्या मी बऱ्याच झिजवल्यात. तिथे एक गोष्ट पक्की कळली. हात कुणाचाही चुको, सर्वात जास्त हेलपाटे बाईलाच पडतात. पुरुषाचं नाव बारशाला ठेवलं की तेच सरणापर्यंत. आपलं तसं नाही. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, हौस म्हणून ठीक आहे, पण शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशन कार्डावर सासरचं, मतदार यादीत नुसतं 'शांता' आणि बँकेत 'शांताबाई'. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. मराठीत 'लक्ष्मी' एकाच तऱ्हेने लिहितात. इंग्रजीत कोणी एक्स घालतं, कोणी के-एस-एच. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हेही पुष्कळजणींना ठाऊक नसतं. नव्या नवरीला मी तरी हेच सांगते, की हाक कोणत्याही नावाने मारू देत, कागदावर एकच नाव ठेव.

2024 साली लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा या मिस्टेका एकदम वर आल्या. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा व्हायचे. आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, अशा बायका खिडकीसमोर रांगेत उभ्या. एका आजींचं वय कागदावर त्यांच्या थोरल्या लेकापेक्षा चारच वर्षांनी जास्त! सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांची दिवसाची मजुरी बुडाली होती.

या चुका दुरुस्त होतात, पण प्रत्येकीची रीत वेगळी. आधारवर नाव एरवी दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून केंद्रावरचा मुलगा पडदा आपल्याकडे वळवून "बरोबर आहे का बघा" म्हणतो तेव्हा मान डोलावून मोकळं होऊ नये. चष्मा नसेल तर शेजारच्या शाळकरी पोरीकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्यावं. जन्म-मृत्यूच्या नोंदीचा 1969 चा कायदा मला विशेष आवडतो. त्यात चुकीची नोंद खोडायची नसते. मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहायची आणि खाली सही, तारीख टाकायची. चूकही दिसली पाहिजे आणि ती कोणी, कधी सुधारली तेही. सातबाऱ्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 155 आहे. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना कुठे नावातलं अक्षर उडालं, कुठे क्षेत्राचा आकडा बदलला, ते दुरुस्त करायला तहसीलदारांकडे याच कलमाखाली अर्ज करतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल सोबत लावली की काम सोपं होतं.

आता जरा दुकानाच्या बिलाकडे या. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'ई. अँड ओ. ई.' असं छापलेलं असतं. कधी वाचलंय? त्याचा अर्थ 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड', म्हणजे चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी सोडून बाकी हिशेब खरा. आपल्या जुन्या वाण्यांच्या वहीत हेच होतं, 'चूकभूल द्यावी घ्यावी'. चूक वेगळी आणि भूल वेगळी, हे दोन्ही भाषांना बरोब्बर कळलं होतं. चूक म्हणजे चुकीचं लिहिलं. भूल म्हणजे लिहायचंच राहिलं.

आणि बायकांच्या बाबतीत खरी मेख या राहण्यात आहे.

वडील गेले की गावात वारस नोंद होते. भाऊ अर्ज देतो. आई आणि दोन मुलगे यांची नावं लागतात, लग्न होऊन गेलेल्या तीन मुलींची लागत नाहीत. पुढे कधीतरी जमीन विकायची वेळ येते, तेव्हा बहिणीला कळतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अगं, क्लेरिकल मिस्टेक आहे." एका मुलीचं नाव राहिलं तर एखादवेळी मानू. तिन्ही मुलींची राहतात आणि दोन्ही मुलांची बिनचूक लागतात, हा कसला हस्तदोष?

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने 1994 मध्ये दुरुस्ती करून मुलींना हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या वगळल्या गेल्या. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने ती अट गेली. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, 2005 साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

भावावरच्या मायेने कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर खुशाल सोडावा. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोड पत्र असतं, त्यावर बहिणीची सही असते. पण सोडणं वेगळं आणि राहून जाणं वेगळं. कलम 155 सुद्धा हा फरक करतं. लिहिण्यातली चूक किंवा सगळ्यांना मान्य असलेली चूक त्यात सुधारता येते. वारसाबद्दल वाद असला तर तिथे भागत नाही, फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं. त्याला साधारण 60 दिवसांची मुदत असते. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते. त्याआधीची पायरी म्हणजे नोटीस. फेरफार मंजूर होण्यापूर्वी तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, संबंधितांना नोटीस काढतात आणि हरकतीला 15 दिवस देतात. ही नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि लेक असते सासरी! म्हणून वडील गेल्यावर दोनेक महिन्यांत सातबारा आणि फेरफार स्वतः बघावा. तो आता मोबाईलवरही दिसतो.

आमच्या ओळखीतल्या एका बहिणीने असंच अपील केलंय. पुढच्या महिन्यात तारीख आहे. भावाचा निरोप आला, "मिस्टेक झाली म्हणालो ना, मग कोर्टकचेरी कशाला?" तिने उलट निरोप धाडला, "मिस्टेक आहे ना दादा? मग तेवढं साहेबांपुढे लेखी लिहून दे."

दादाचं उत्तर अजून आलेलं नाही.