जॉर्ज चिनरीची गुरं आणि आपली नजर

मंडळी, श्रीपूरला येऊन चीनमधल्या गुरांची चित्रं कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. पण गुरं कशी बघावीत हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणूनच आम्ही हा विषय घेतला.

जॉर्ज चिनरी हा इंग्रज चित्रकार, जन्म 1774चा. 1802 मध्ये तो मद्रासला आला, पुढे बंगालमध्ये राहिला. तिथली खेडी, झोपड्या, गुरं त्यानं रेखाटली. कर्ज फार झालं, तेव्हा 1825 मध्ये तो चीनच्या किनाऱ्यावर, पोर्तुगीजांच्या मकावला गेला; 1852 मध्ये वारला तोही तिथंच. तिथं त्यानं फेरीवाले, होडीवाल्या बायका, गुरं आणि गुराखी टिपले. चित्राबद्दलच्या नोंदी तो त्याच कागदावर लघुलिपीत करून ठेवी.

आता बघा, खिलार बैल समोर आला की आपला शेतकरी काय बघतो? खूर, खांदा, दात. म्हणजे काम. चिनरी बघतो पाठीची रेघ, पोटाखालची सावली. कांटनं 1790च्या ग्रंथात सौंदर्याचा आनंद उपयोगाच्या विचारापासून वेगळा काढला, तो फरक हाच. चिनरीची नजर खोटी, असं आम्ही म्हणणार नाही. उपयोग घटकाभर बाजूला ठेवल्याशिवाय ती रेघ दिसतच नाही.

पण आणखी काय बाजूला राहिलं, हेही विचारायला हवं ना? चिनरीचं पोट चाले व्यापाऱ्यांची तैलचित्रं रंगवून. त्यातला एक विल्यम जार्डिन, अफूचा मोठा व्यापारी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि जार्डिनबरोबर मुंबईहून व्यापार करणारे होते जमशेटजी जीजीभाई. त्यांच्याच देणगीतून 1857 मध्ये जे. जे. कलाशाळा निघाली. महाराष्ट्रातल्या चित्रकारांच्या पिढ्या तिथं घडल्या. म्हणजे या गोष्टीत आपण नुसते प्रेक्षक नाही.

1839 मध्ये अफूवरून युद्ध पेटलं. चिनरीच्या कागदावर गुरं मात्र शांत उभी आहेत.

म्हणून ती चित्रं टाकून द्यायची का? मुळीच नाही. दोनदा बघायची: एकदा रेघेसाठी, एकदा कागदाबाहेर काय राहिलं त्यासाठी. बाजारात बैल घेताना तुम्ही तरी एकाच बाजूनं बघून पैसे मोजता का?