रोसिनांतेवरून शांघायला

परवानगी न मागणारी कला

1970च्या दशकात प्रागमध्ये सरकारी कलाकार-संघटनेबाहेरच्या माणसाला प्रदर्शनाची जागा जवळजवळ नव्हतीच. तेव्हा यिर्झी कोवांडा हा कलाकार रस्त्यावर उतरला. नोव्हेंबर 1976मध्ये तो वेन्सेस्लास चौकात हात पसरून उभा राहिला. लोक वळसा घालून जात राहिले. पुढच्या वर्षी सरकत्या जिन्यावर तो मागे वळून अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहत राहिला. मागे उरला तो एखादा फोटो आणि टाइप केलेल्या चार ओळी. तिथल्याच पेत्र श्टेम्बेरा या कलाकारानं 1975मध्ये झाडावर कलम बांधावं तशी स्वतःच्या दंडात फांदी रोवली. मिलान क्नीझाक या कलाकाराला तर अनेकदा अटक झाली.

मुंबईतलं खोटं खातं

आपल्याकडे या वाटेनं गेलेला माणूस म्हणजे तुषार जोग (1966–2018). शिक्षण जे.जे. आणि बडोद्याचं. ‘ओपन सर्कल’ या कलाकार-गटाच्या संस्थापकांपैकी ते एक. पुढे त्यांनी ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ नावाचं एक काल्पनिक खातं उभारलं. सार्वजनिक बांधकाम खात्यासारखं नाव, पण कामं सामान्य माणसाच्या अडचणींवरची: लोकलला लटकणारा प्रवासी, हाकलला जाणारा फेरीवाला. मला यातला फरक फार मोलाचा वाटतो. प्रागमध्ये राज्यसत्ता सर्वत्र होती, म्हणून तिथला कलाकार साध्या हालचालीत दडला. मुंबईत हवं तेव्हा खातं सापडतच नाही, म्हणून जोगांनी स्वतःच खात्याचं रूप घेतलं.

स्वारी

मुंबईचं शांघाय करण्याच्या घोषणा 2000च्या दशकात सतत कानांवर पडत होत्या. 2010मध्ये जोग मोटरसायकलवरून थेट शांघायला निघाले, तेही सरदार सरोवर आणि चीनचं थ्री गॉर्जेस या दोन धरणांमार्गे. गाडीला नाव दिलं डॉन किहोटेच्या घोड्याचं, रोसिनांते. शहराच्या झगमगाटाची किंमत कुठल्या खोऱ्यानं मोजली, हे दाखवायला त्यांनी चित्र काढलं नाही, अंतर कापलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात थ्री गॉर्जेसचा जलाशय पहिल्यांदा 175 मीटरांपर्यंत भरला. त्या धरणानं बारा लाखांहून जास्त माणसं उठवली.

धारच्या बाजूनं

 सरदार सरोवराचं पाणी मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यापर्यंत पोचतं; तिथं नर्मदेच्या खोऱ्यात निसरपूर आणि चिखल्दा ही गावं. सप्टेंबर 2019मध्ये सरदार सरोवर 138.68 मीटरांपर्यंत भरलं आणि या गावांत पाणी शिरलं. घरं, दुकानं, देवळं गेली. जोगांच्या स्वारीतलं ‘सरदार सरोवर’ हे नाव या गावांसकट वाचायला हवं, नाहीतर ती नुसती लांबची सफर वाटते.

नंतरचं

कोवांडाला 2007मध्ये लंडनच्या टेट मॉडर्ननं बोलावलं. तिथं त्यानं काचेपलीकडच्या प्रेक्षकांना काचेवरूनच आपलं चुंबन घ्यायला सांगितलं. जोगांचं कामही असंच लोकांपर्यंत पोचायला हवं: त्यांच्या आराखड्यांचं, फोटोंचं, प्रवासाच्या नोंदींचं एक नीट मराठी पुस्तक व्हावं, आणि ते धारच्या वाचनालयातही मिळावं.