एकवीस ग्रॅमचं विमान

पन्नास वर्षं न उघडलेलं एक पाकीट, मामाचे थरथरणारे हात आणि माझे अजिबात न वळणारे! मासवणच्या ओटीवर रंगलेल्या पाच वीकेण्डची ही गोष्ट...

खरं सांगायचं तर मी ते पाकीट विकायलाच निघाले होते.

फ्रीलान्सरचं आयुष्य तुम्हाला माहीतच असेल. तीन महिन्यांपूर्वी छापून आलेल्या लेखाचा चेक 'प्रोसेसमध्ये' होता आणि अंधेरीचं पीजीचं भाडं मात्र एक तारखेला बरोब्बर देय. अशा मूडमध्ये जुलैच्या एका शनिवारी डहाणू लोकल पकडून पालघरला उतरले, तिथून मनोर रस्त्यानं मासवणला, मामाकडे. (वसई-विरारकरांनो, तुमच्याकडे येणारं सूर्या नदीचं पाणी इथूनही उचललं जातं. थँक्यू म्हणा!) मामीनं पावसाळ्यासाठी माळा आवरायला काढला होता. बिस्किटांच्या गंजक्या डब्यातून ते पाकीट बाहेर आलं. वर घडी घातलेला छापील कागद, खाली पारदर्शक पिशवी आणि आत प्लॅस्टिकचे सुटे भाग. एअरफिक्स कंपनीचं किट, सुपरमरीन एस.६बी, स्केल १:७२. पिशवीची स्टेपलसुद्धा निघालेली नव्हती.

मी लगेच मोबाईल काढला. जुनी, न उघडलेली किट्स जमवणारे शौकीन जगभर आहेत आणि ते पैसे मोजतात. भाडं नाही, पण अर्धं भाडं नक्की सुटलं असतं.

"विकायचं नाही," मामा म्हणाला. "बांधायचंय."

मामा तारापूर एमआयडीसीतला रिटायर्ड फिटर. १९७१ साली बोटीवर काम करणाऱ्या मित्रानं त्याला हे विलायतेतून आणून दिलं. तेव्हा बोईसरमध्ये प्लॅस्टिक जोडायचा गोंद मिळेना, आणि फेव्हिकॉल लाकडाचा, तो इथे चालत नाही. गोंद मिळेपर्यंत लग्न झालं, मग शिफ्ट, ओव्हरटाइम, मुलं. आता गोंद ऑनलाइन दोन दिवसांत घरी येतो, तर मामाला पार्किन्सन्स. चहाचा कपसुद्धा तो दोन्ही हातांनी धरतो.

"हात तुझे, डोळे माझे," त्यानं सांगून टाकलं. डील डन.

हे एस.६बी प्रकरण आहे तरी काय? ज्याला चाकांऐवजी दोन होड्यांसारखे फ्लोट असतात, ते फ्लोटप्लेन. २०१७ च्या डिसेंबरात स्पाइसजेटनं गिरगाव चौपाटीसमोर पाण्यावर उतरवून दाखवलेलं विमान आठवतंय? त्याच जातीतलं हे, पण निव्वळ शर्यतीसाठी जन्मलेलं. श्नायडर ट्रॉफी नावाची सीप्लेन्सची शर्यत पाच वर्षांत तीनदा जिंकेल त्या देशाला ती कायमची मिळणार होती. ब्रिटननं १९२७ आणि १९२९ ला जिंकली, आणि १९३१ ला सरकारनं पैसे द्यायला हात वर केले. तेव्हा लेडी ह्यूस्टन नावाच्या धनाढ्य बाईंनी चक्क एक लाख पौंड दिले. प्रतिस्पर्धी देश वेळेत तयारच झाले नाहीत, तरी १३ सप्टेंबर १९३१ ला जॉन बूथमननं ताशी ५४७ किलोमीटरनं एकट्यानं शर्यत पुरी केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला जॉर्ज स्टेनफोर्थनं ताशी ६५५ चा विक्रम केला. डिझायनर होते आर. जे. मिचेल, ज्यांनी पुढे स्पिटफायर बनवलं.

मामाला मात्र विक्रमाचं फारसं कौतुक नाही. त्याचा जीव आतल्या रचनेवर. सुमारे २,३०० हॉर्सपॉवरचं रोल्स-रॉइस इंजिन इतकं तापायचं, की पंखांचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग रेडिएटर म्हणून वापरला होता. इंधन फ्लोटमध्ये. त्यातही उजव्या फ्लोटमध्ये जास्त, कारण पंखा ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट झटका विमानाला बसतो आणि सुटताना डावा फ्लोट पाण्यात दाबला जातो. "वजन टाकून झटका मारला! याला म्हणतात डोकं," मामा हे मला तीनदा तरी म्हणाला. कांदिवलीच्या गच्चीवर खरंखुरं सहा सीटर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव हे त्याचे दुसरे हीरो. २०१८ मध्ये त्यांच्या विमान कारखान्यासाठी पालघरमध्ये जागा देण्याचा करार झाला, तेव्हाचं कात्रण मामानं जपून ठेवलंय.

तर पहिला वीकेण्ड गेला नुसत्या धुण्यात. साच्यातून प्लॅस्टिक सुटावं म्हणून लावलेलं तेल भागांवर राहतं आणि त्यावर रंग बसत नाही. मामीच्या चहाच्या गाळणीत सगळे भाग ठेवून भांड्याच्या साबणानं धुतले, नाहीतर अर्धं विमान मोरीतून सूर्या नदीत! मग ब्लेडनं एकेक भाग चौकटीपासून सोडवायचा, कडेला आलेलं फालतू प्लॅस्टिक बारीक कानशीनं घासायचं. सूचना इंग्रजीत, चित्रं कमी आणि मजकूर जास्त. मामा चष्मा वर-खाली करत वाचायचा, मी करायचे. गोंद पाण्यासारखा पातळ. तो चिकटवत नाही, प्लॅस्टिकच विरघळवून दोन भागांचा एक करतो. म्हणजे चूक झाली की झाली.

आणि ती झालीच. तिसऱ्या रविवारी मी फ्लोट जोडले, आठच्या लोकलसाठी पळाले, आणि पुढच्या शनिवारी येऊन बघते तर एक फ्लोट सरळ, दुसरा बाहेर पाय टाकून उभा, बदकासारखा. मामा काहीच बोलला नाही. तेच जास्त लागलं. पन्नास वर्षं जपलेली वस्तू मी एका गाडीच्या वेळेपायी वाकडी करून ठेवली होती. "नवीन मागवूया का?" असं बावळटासारखं विचारलंसुद्धा. ओटीवर नुसता पावसाचा आवाज.

थोड्या वेळानं तो आत गेला आणि कारखान्यातला गुण्या आणि व्हर्निअर घेऊन आला. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर त्यानं मला रेघा आखायला लावल्या, खाचा कापायला लावल्या. दोन्ही फ्लोट त्या खाचांत बसतील आणि हलणार नाहीत, असा साचा. "आधी साचा, मग जोडणी. घाई करणाऱ्या अप्रेंटिसला आम्ही आठवडाभर नुसता झाडू मारायला लावायचो." ब्लेडनं जोड कापताना एक काडीएवढा आधार तुटला, तो शिल्लक चौकटीतून नवा घासून केला. रात्री अकराला व्हर्निअरचं माप दोन्ही टोकांना सारखं आलं. व्हर्निअर मामानं स्वतः धरला होता, मनगट टेबलावर टेकवून. त्याच्या हाताखाली मी हात ठेवला. त्यानं तो काढ म्हटलं नाही.

फ्लोट आणि पंखांमधल्या तारांसाठी मी त्याच्या गळाचा तंगूस आणला. मामानं लगेच हिशेब केला. ०.२ मिलिमीटरचा तंगूस म्हणजे खऱ्या विमानात १४ मिलिमीटरची सळई. रिजेक्ट! मग मेणबत्तीवर प्लॅस्टिकची काडी तापवून ताणली. ती केसासारखी बारीक होते, पहिल्या नऊ प्रयत्नांत तुटते.

रंग निळा आणि चंदेरी. निळा कॅमलचा ॲक्रिलिक. गंमत बघा, दांडेकरांची कॅम्लिन सुरू झाली १९३१ साली, म्हणजे हे विमान उडालं त्याच वर्षी, आणि तिचा कारखाना आमच्या तारापूरला. पण जुलैच्या दमट हवेत रंग लवकर वाळेना आणि धूळ बसायची ती वेगळीच. म्हणून प्रत्येक थरानंतर वर पातेलं उपडं घालायचं आणि त्या दिवशी पुन्हा उचलून बघायचं नाही. (मी बघितलं. बोटाचा ठसा आहे अजून, शेपटीजवळ.) पिवळी पडलेली स्टिकर्स मामानं खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवली. अधूनमधून पडलेल्या उन्हानं ती आठवड्यात बऱ्यापैकी पांढरी झाली.

पाचव्या रविवारी जेमतेम बारा सेंटिमीटरचं विमान तयार होतं. मामानं मामीचा डिजिटल वजनकाटा मागवला. एकवीस ग्रॅम. मग कागद-पेन्सिल. खऱ्या विमानाचं भरलेलं वजन २,७६० किलो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बहात्तर पटीनं लहान, म्हणजे वजन भागिले ३,७३,२४८. उत्तर ७.४ ग्रॅम.

"म्हणजे आपलं जवळजवळ तिप्पट जड," मामा म्हणाला. "हे तरंगणार नाही."

"मग नको टाकूया पाण्यात."

"पाण्याचं विमान आहे ते, पोरी."

मामीनं पिठाची परात दिली. मी पाणी ओतलं आणि विमान त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, कप धरतो तसं, आणि थरथरतच पाण्यावर सोडलं. फ्लोट पार बुडाले, पोट पाण्याला टेकलं, डावा पंख खाली गेला, आणि तिथे ते थांबलं.

"मामा, बुडतंय!"

"बुडत नाहीये, कललंय. उजव्या फ्लोटमध्ये पेट्रोल कमी भरलंस तू."

"विमान काढा आता," आतून मामी म्हणाली, "मला भाकऱ्या करायच्यात."