रॉकेटला रंग देण्यापूर्वी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जावे. बैलाच्या शिंगांना रंग लावण्याआधी ती तासून, घासून गुळगुळीत केली जात असतात. खरखरीत शिंगावर रंग नीट बसत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. याच जिल्ह्यातील एका शाळेत मार्चमध्ये आम्ही पाण्याच्या रॉकेटची कार्यशाळा घेतली, तेव्हा रंगकामाची पहिली पायरी समजावताना हे उदाहरण कामी आले. मात्र रॉकेट म्हणजे शिंग नव्हे, हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळले. ऑइलपेंटचे दोन हात दिलेले, सर्वांत देखणे रॉकेट वीस-पंचवीस फुटांवर आडवे झाले आणि कोलांट्या खात खाली आले. त्याच बनावटीचे बिनरंगाचे रॉकेट मात्र सरळ वर गेले.

असे का झाले? पुठ्ठ्याचे तीन पंख, प्रत्येक १० × ८ सें.मी. दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ झाले ४८० चौ.सें.मी. ब्रशाने दिलेला एक हात वाळल्यावर साधारण ०.००५ सें.मी. जाडीचा राहतो असे धरू. म्हणजे २.४ घ.सें.मी. रंग, वजनाने सुमारे ३ ग्रॅम. दोन हातांचे ६ ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो. पण रिकाम्या रॉकेटचे वजनच १२० ग्रॅम होते आणि हा रंग गुरुत्वमध्याच्या २० सें.मी. मागे बसला होता. ६ × २० भागिले १२६ केले की गुरुत्वमध्य जवळजवळ १ सें.मी. मागे सरकला असे दिसते.

रॉकेट सरळ जायचे तर गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा आडवा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे असावा लागतो. निदान रॉकेटच्या व्यासाइतका असला तर उत्तम. दाबमध्य ढोबळपणे काढण्यासाठी रॉकेटची बाह्याकृती पुठ्ठ्यातून कापावी आणि पट्टीच्या धारेवर तोलावी. आमच्या रॉकेटमध्ये मुळातच अंतर कमी होते, ते रंगाने खाल्ले. टोकात १० ग्रॅम चिकणमाती भरली आणि तेच रॉकेट सुतासारखे वर गेले. म्हणून रंग देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर, दोन्ही वेळा वजन करावे व तोल पाहावा. गणिताच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही.

मोठ्यांनाही हा हिशेब चुकला नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलची बाहेरची इंधनटाकी १९८१ मधील पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून तिला रंग देणेच बंद केले. सुमारे २७० किलो वजन वाचले. पुढे दिसणारा तिचा तांबूस रंग हा तिच्यावरील उष्णतारोधक फेसाचाच होता.

मग गुळगुळीतपणाचा फायदा काहीच नाही का? आहे. सपाट पृष्ठावरून हवा सेकंदाला २५ मीटर वेगाने वाहत असेल, तर साधारण ३० सें.मी. अंतरापर्यंत तिचे थर शांतपणे सरकतात. पुढे खळबळ सुरू होते आणि तिथले घर्षण सुमारे तिपटीने वाढते. पृष्ठ खरबरीत असेल तर ही खळबळ आधीच होते. पण बाटलीच्या रॉकेटला होणाऱ्या विरोधात घर्षण हा एकच भाग असतो. पंखाची पुढची कड गोल आणि मागची निमुळती केली तर चकचकीत रंगापेक्षा जास्त लाभ होतो.

पंखांसाठी कृती सोपी आहे. पातळ केलेला फेव्हिकॉल दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावावा. एकाच बाजूला लावला तर वाळताना पुठ्ठा वाकतो. वाळल्यावर २२० नंबरचा आणि मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवावा. वर रंगाचा एकच पातळ हात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात रंग पसरण्याआधीच सुकतो आणि ब्रशाचे ओरखडे राहतात; म्हणून हे काम सकाळी, सावलीत करावे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. शाळेच्या खोलीत सापडलेला जुना डबा मात्र वापरू नये, आणि जुना रंग मुलांकडून घासून घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या बाटलीत हवा भरायची तिला पॉलिशपेपर लावू नये आणि थिनरही लावू नये. शिंगाचा धडा इथे उलटा पडतो. दाबाखालच्या प्लॅस्टिकवर प्रत्येक ओरखडा ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ॲसिटोनसारख्या द्रावकाने बाटलीचे प्लॅस्टिक पांढुरके व ठिसूळ होते. शिवाय अपारदर्शक रंगाखाली पडलेला तडा दिसतही नाही, आणि पंप मारणारा मुलगा बाटलीपासून फार दूर नसतो. रंगीत रॉकेट हवेच असेल तर कागदाचा सैल वेष्टण-नळा रंगवून तो बाटलीवर चढवावा. उडवण्यापूर्वी तो काढून बाटली उजेडात फिरवून पाहावी. ओरखडा दिसला की बाटली बाद.

रंग कोणता? दुसऱ्या महायुद्धातील जर्मन व्ही-२ रॉकेटच्या चाचण्यांत काळे-पांढरे चौकोन रंगवत, ते स्वतःभोवती फिरते की नाही हे छायाचित्रांत दिसावे म्हणून. नळ्यावर एक उभा काळा पट्टा काढला तरी मुलांना हे पाहता येते. बाकी निवड रानावर अवलंबून आहे. काळ्या नांगरटीत पांढरे रॉकेट लांबून सापडते. बोंडे फुटलेल्या कापसात पडले तर मात्र आमचे एक पांढरे रॉकेट अजून मिळायचे आहे. तेव्हापासून आम्ही भगवट नारिंगी वापरतो.